प्रमाण माणूस

भूपाल मगदूम यांची तपासणी दर जानेवारीत व्हायची, हळदीचा हंगाम नुकता तोंड काढत असायचा तेव्हा. दुकानदाराच्या वजनांना दरवर्षी सरकारी शिक्का लागतो तसा भूपालआण्णांनाही लागायचा. फरक इतकाच, की वजनं बिचारी गप्प बसतात आणि आण्णा आलेल्या साहेबांना दोनदा चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. दोन माणसं यायची, आण्णांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, अर्धा दिवस प्रश्न विचारायची आणि जाताना एक कागद द्यायची. कागदावर लिहिलेलं असायचं, प्रमाण कायम आहे. आण्णा तो चौकटीत घालून देवघराशेजारच्या भिंतीला लावायचे. असे पाच कागद झाले होते.

सहाव्या वर्षी दोघांच्या जागी एकटी बाई आली. तिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, पायात धुळीला सरावलेल्या चपला. तिनं दारातच चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ओळखलं नाही ना आण्णा, मी तहसीन. इस्माईल मुजावरांची धाकटी. इस्माईल म्हणजे बाजार आवारातला हमाल, आण्णांच्या काट्यावर वीस वर्षं पोती चढवणारा. आण्णांना कोण आनंद झाला. इस्माईलची पोरगी कायदा शिकून थेट कराराच्या मुख्य कचेरीत बसते म्हणजे काय! त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. तहसीन म्हणाली, चहा घेते, पण टोपी आज नको. आधी तुमच्याबरोबर आवारात येते.

हे प्रमाण प्रकरण काय होतं ते आता सांगायला हवं, कारण सोनवड गावातल्या निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की आण्णांना परदेशात कसलंसं पारितोषिक मिळालं होतं.

लढाई सुरू करायला केव्हा परवानगी आहे याचा कायदा वेगळा आणि ती सुरू झाल्यावर कशी लढायची याचा वेगळा. पहिला मोडला म्हणून दुसरा सुटत नाही. या दुसऱ्या कायद्याचं म्हणणं असं, की लढणारा आणि न लढणारा यांच्यात फरक करा. लढणाऱ्यावर घाव घालताना शेजारचे न लढणारे मरणार असतील, तर होणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानानं ते फार जास्त नसावेत. आता फार म्हणजे किती, हे कुठंही लिहिलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या कायदेपंडित एवढंच सांगत आले, की समंजस सेनापतीला काय वाटेल ते बघा. ते काही फार बरं चाललं होतं अशातला भाग नाही, पण विचारायला निदान सेनापती तरी होता. पुढं आकाशात आपलं आपण ठरवणारी यंत्रं आली. पापणी लवायच्या आत बघायचं, ठरवायचं आणि मारायचं. तिथं समंजस सेनापती कुठनं आणणार?

दोन वाईट लढाया झाल्यावर देशांनी करार केला. अशा प्रत्येक यंत्रात एक दार बसवायचं. घाव घालण्याआधी यंत्रानं त्या दाराशी विचारायचं, आणि दारात एका जिवंत, साध्या, कधी हत्यार न उचललेल्या माणसाचा विवेक बसवलेला असेल. जगाचे सात भाग पाडले आणि भागाला एक माणूस निवडला. निवड करताना शिक्षण बघितलं नाही की धर्म बघितला नाही, फक्त एक गोष्ट बघितली. एकच प्रश्न चाळीस वेषांत विचारला तरी ज्याचं उत्तर तसूभर हलत नाही, असा माणूस हवा होता.

भूपालआण्णा बाजार आवारात तोलार होते. तोलार म्हणजे शेतकऱ्याचाही नाही आणि व्यापाऱ्याचाही नाही असा मधला माणूस. काट्यावर पोतं चढलं की आकडा बघायचा आणि मोठ्यानं पुकारायचा. पुकारलेला आकडा दोघांनीही मानायचा. चाळीस वर्षांत आण्णांनी पोत्यामागचा चेहरा बघितला नव्हता. घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नसे, रस्त्यात मुंग्यांची रांग आली तर आण्णा पाय उचलून थांबत. पाहणीवाल्यांना याहून काय हवं होतं?

एकोणीस दिवस टोपी घालून त्यांना प्रश्न विचारले गेले. लढाईचा एकही नाही. पुराचे, विहिरींचे, आगीचे, धरणाचे. आणि इथं शास्त्रज्ञांनी एक शहाणपणा केला होता. माणूस तोंडानं नेहमी शोभेल असंच बोलतो, म्हणून त्यांनी तोंडचं उत्तर घेतलंच नाही. उत्तर जिभेवर येण्याआधी मेंदूत एक कौल पडतो, अर्ध्या सेकंदाच्याही आत. एका बाजूला काय, दुसऱ्या बाजूला काय, आणि झुकतं कुठं. यंत्रानं तो कौल टिपला. तोच खरा विवेक, असं सगळ्यांचं मत पडलं. आपलं माप नेमकं कुठल्या देशावर लागू आहे हे आण्णांना सांगायला करारात बंदी होती. त्यांनीही कधी विचारलं नाही. आपल्यामुळं कुणीतरी जगतंय, एवढं त्यांना पुरत होतं.

आवारात हळदीचा धुरळा नेहमीसारखा उडत होता. भिंती पिवळ्या, कुत्री पिवळी. तहसीन एका रिकाम्या पोत्यावर बसून आण्णांचं काम बघत राहिली. पोतं चढायचं, काट्यावर तांबडे आकडे उमटायचे, आण्णा पुकारायचे. पन्नास. पन्नास. एकोणपन्नास. पन्नास. तीसेक पोती झाल्यावर ती उठून जवळ आली.

"आण्णा, या शेवटच्या पोत्याला काट्यावर काय होतं?"

"पन्नास."

"एक्कावन्न होतं."

"अगं, कडता धरून पन्नास," आण्णा म्हणाले.

कडता म्हणजे पोत्यामागं किलोभर सोडून द्यायचं. बारदानाचं वजन, मातीचं, आणि पुढं माल वाळून घटेल त्याचं. कधी सुरू झालं कुणाला ठाऊक नाही. सरकारनं त्यावर बंदी घातल्यालाही जमाना झाला. बंदीचा फलक आण्णांच्या डोक्यावरच टांगलेला होता, धुरळ्यानं त्याची अक्षरं बुजली होती. पण व्यापारी धरतात, शेतकरी गृहीत धरतो, आणि तोलाराच्या तोंडून एक्कावन्नाचं पन्नास होऊनच बाहेर पडतं. आण्णा ते वजा करत नव्हते. त्यांना एक्कावन्न दिसतच नव्हतं.

तहसीननं त्यांना बाजूला, लिंबाच्या सावलीत नेलं. तिनं सांगितलं ते असं. गेली तीन वर्षं आण्णांच्या दाराची आकडेवारी बघून कचेरीतले लोक चक्रावले होते. घावाच्या टप्प्यात चार निरपराध माणसं दिसली की हे दार पक्कं बंद व्हायचं, सातांमध्ये सगळ्यात कडक. पण तीन असली, दोन असली, एक असलं, तर काटा हलायचाच नाही. तिथं कुणी नाहीच असं समजून दार उघडायचं. मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणाले यंत्राचा दोष आहे. सात महिने यंत्र उसवून बघितलं, दोष सापडला नाही. मग एका दुपारी तहसीनला तिचे अब्बा आठवले. पोतं चढवून झालं की ते काट्याकडं एक नजर टाकायचे आणि घरी आल्यावर हसून सांगायचे, आज आवारात चारशे किलो हळद हवेत गेली.

"तुम्ही माणसांवर कडता धरलाय, आण्णा."

आण्णांनी हातावरची हळद झटकली. तहसीनला पुढचं सांगवत नव्हतं, पण ती त्यासाठीच आली होती. सैन्यांना ही गोष्ट दोन वर्षांमागंच कळली होती. तेव्हापासून त्यांनी घाव बारीक केले. जिथं लढणाऱ्यांभोवती बारा माणसं असतील तिथं सगळी पांगेपर्यंत थांबायचं आणि मग एकेका लढणाऱ्याला शेजारच्या तिघांसकट गाठायचं. दार प्रत्येक वेळी उघडायचं. आत्तापर्यंत चार हजार दोनशे अकरा न लढणारे मेले. कराराच्या दारातून गेलेल्या घावात मेलेलं प्रत्येक माणूस नोंदलेलं असतं, त्यामुळं आकडा नेमका होता. आणि त्यात एकही मृत्यू बेकायदा नव्हता.

 घरी आल्यावर आण्णा पडवीत बसले आणि एकदम चिडले. इस्माईलच्या पोरीवर ते आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. मी कुणाला सोडलेलं नाही, म्हणाले, मी मुंगी चुकवतो, आणि तू मला हे ऐकवतेस? हळद वेगळी आणि माणूस वेगळं, एवढं मला कळतं.

तहसीननं पिशवीतून पडद्याची एक पाटी काढली आणि सहा वर्षांपूर्वीचा एक प्रश्न त्यांना ऐकवला. धरणाचे दरवाजे उघडले तर वरचं गाव वाचतं, पण खाली नदीपात्रात दोन माणसं गुरं राखतायत. उघडायचे का? त्यावर आण्णांचाच आवाज आला, जरा तरुण, ठाम. आधी त्या दोघांना हाका मारा, मग बघू.

"बघ," आण्णा म्हणाले. "हाका मारा म्हणालो होतो मी."

"म्हणाला होतात. तुमची जीभ चांगली आहे आण्णा. पण यंत्र जिभेला विचारत नाही." तिनं पाटीवरची कौलाची रेघ दाखवली. आवाज येण्याआधीच्या जागी ती सरळ होती, शेतातल्या बांधासारखी. "हे ते दोघं. इथं तुमच्या मनात ते नव्हतेच. हाका नंतर सुचल्या."

त्रिशलाबाई ताकाचे पेले घेऊन कधीच्या दारात उभ्या होत्या. नवऱ्याच्या बोलण्यात मध्ये पडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पेले खाली ठेवले, पदरानं हात पुसले आणि तहसीनकडं बघून म्हणाल्या,

"त्यांना विचार, मुलं किती."

आण्णांना वाटलं हिचं काहीतरी भलतंच. पण तहसीन वाट बघत होती, म्हणून ते म्हणाले, दोन. अजित पुण्याला असतो, नेमिनाथ बेंगळुरूला.

"तीन," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

 अजितच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नावही ठेवायचं राहिलं. बारशाआधी गेलेलं मूल आपल्याकडं मोजत नाहीत. कुणी विचारलं तर दोन म्हणतात, आणि पुढं बोलणं निघत नाही. आण्णांनी एकतीस वर्षं न अडखळता दोन सांगितलं होतं. शाळेच्या अर्जावर, रेशनच्या कागदावर, लग्नाच्या बैठकीत. आज पहिल्यांदा त्यांना कळलं की प्रत्येक वेळी बायको शेजारी उभी होती आणि तिनं मनात तीन म्हटलं होतं.

तहसीन संध्याकाळी निघाली तेव्हा तिनं काय करता येईल ते सांगितलं. आण्णांनी आपलं प्रमाण खोटं होतं असं लिहून दिलं तर दार बंद होईल. मग या भागातली यंत्रं दीड वर्ष जमिनीवर राहतील, नवा माणूस सापडेपर्यंत. पण सैन्यं काही स्वस्थ बसणार नाहीत. जुन्या तोफा गोदामात आहेत, त्यांना दार नाही. दुसरा रस्ता म्हणजे फेरतपासणी. करार ती एकदाच देतो. त्यात कौल खरोखर बदललेला दिसला पाहिजे आणि बाकी माप तेच राहिलं पाहिजे. सगळीकडंच हात आखडला तर माप बिघडलं म्हणून त्यांना काढून टाकतील. आणि ढोंग चालणार नाही, जिभेच्या आधीचं कुणाला ठरवून बदलता येत नाही. दारात चपलांत पाय अडकवत ती थांबली आणि म्हणाली की, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं मला माहीत नाही.

आण्णांनी फेरतपासणी मागितली. तीन आठवड्यांची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून आवारात तमाशाच सुरू झाला. आण्णा प्रत्येक रिकामं बारदान आधी काट्यावर ठेवून बघू लागले. सातशे ग्रॅम. साडेसहाशे. मग भरलेलं पोतं, मग वजाबाकी, मग आकडा पुकारायचा, ग्रॅमसकट. रांग गोदामाबाहेर गेली. व्यापारी म्हणाले आण्णांना भ्रम झालाय. शेतकऱ्यांनाही ते आवडलं नाही, त्यांना घरी जायची घाई. ज्यांच्या पदरात चार किलो जास्त पडत होते तेच कुरकुरत होते. पाचव्या दिवशी अडत्यांच्या संघटनेनं त्यांना बोलावून सांगितलं की आण्णा, तुमचा मान आहे, पण बाजार मोडू नका. चौकात त्यांच्या नावाचा फलक होता, गावचा अभिमान म्हणून लावलेला. त्यावर कुणीतरी शेण फेकलं. आण्णांनी ते स्वतः पाण्यानं धुतलं.

आणि इतकं करून आत काही हललं नव्हतं. हे त्यांना एका सकाळी कळलं. पेपरात बातमी होती, घाटात जीप कोसळून दोन ठार. आण्णांनी ती वाचली आणि पान उलटलं. पान उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच बसून राहिले, मग पान परत उलटून त्या दोघांची नावं वाचायचा प्रयत्न केला. नावं दिलेली नव्हती. त्यांना रडू आलं, पण ते स्वतःसाठी होतं, त्या दोघांसाठी नव्हतं, हेही त्यांना समजत होतं. मापात फरक नव्हता.

त्या दुपारी त्यांनी बायकोला विचारलं, आपल्या पोरीला कुठं ठेवलं होतं, आठवतं का? त्रिशलाबाईंनी भाजी चिरणं थांबवलं. पायात चपला घातल्या आणि पुढं निघाल्या. कृष्णेच्या काठी, मळीच्या शेताच्या वरच्या अंगाला एक जुनी चिंच होती. त्यांना जागा शोधावी लागली नाही. आण्णांना कळलं की ही इथं येत असते, आणि किती वेळा ते विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"चंदना," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मी ठेवलं होतं नाव. तिसऱ्या दिवशी."

मग त्या सांगत राहिल्या. पहिल्या दिवशी ती रडलीच नाही, सुईण घाबरली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, एक जरा मोठा होता. पाचव्या दिवशी माझं बोट धरलं तर सोडेना. सातव्या दिवशी दूध कमी झालं. हंगाम होता, तुम्ही आवारात होता, तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण जन्मली त्या दिवशी तुम्ही आवारातनं लहान काटा आणला होता, तिला तोलायला. आठवतं?

आण्णांना आठवलं. किती हौसेनं आणला होता.

"काट्यावर दोन किलो शंभर आलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलं, दोन किलो. दुपट्याचे शंभर सोडले म्हणालात." त्या चिंचेच्या बुंध्याकडं बघत होत्या. "ती गेल्यावर मी ते दुपटं वाण्याकडं नेऊन तोललं. ऐंशी ग्रॅम भरलं. वीस ग्रॅम तिचे होते."

आण्णा खाली बसले. हळदीनं पिवळे पडलेले स्वतःचे हात त्यांनी मातीवर टेकवले आणि मोठ्यानं रडले, पन्नाशीनंतर माणूस रडत नाही तसे. त्रिशलाबाई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी समजूत काढली नाही, आणि आण्णांना ते बरोबर वाटलं.

फेरतपासणीला नेहमीचे दोघे आले आणि तहसीन साक्षीदार म्हणून बसली. माजघरातच टोपी चढवली. जुने प्रश्न नव्या वेषात येत होते. पूल, बोगदा, रोगाची लस, जळती गिरणी. आण्णा उत्तरं देत होते, पण उत्तरांना किंमत नाही हे आता त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते घाईनं बोलत नव्हते. पाऊण दिवस झाल्यावर एक प्रश्न आला. साठवणीच्या टाकीला आग लागली आहे. झडप बंद केली तर तीनशे घरं वाचतात. झडपेच्या पलीकडं, नळीत, एक माणूस सफाईला उतरलेला आहे.

आण्णांच्या डोळ्यांपुढं नळी आली नाही. त्यांना एक डोळा जरा मोठा असलेलं तान्हं दिसलं, आणि काट्यावरचा आकडा दिसला, दोनच्या पुढचा, सगळाच्या सगळा. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. तहसीनच्या पाटीवर रेघ उभी उसळली.

ते शेवटी म्हणाले ते एवढंच, की झडप बंद करा, पण त्याचं नाव मला आधी सांगा. तपासनिसांनी एकमेकांकडं बघितलं. पुढचे चाळीस प्रश्न त्यांनी एक आणि दोन माणसांचेच विचारले. रेघ प्रत्येक वेळी उसळली. मोठ्या आकड्यांचं माप मात्र जिथल्या तिथं होतं. चौथ्या दिवशी कागद आला, प्रमाण सुधारून कायम. त्रिशलाबाईंनी चौकट शोधली, पण आण्णांनी तो कागद भिंतीला लावू दिला नाही. आधीचे पाचही उतरवून ठेवले.

फेब्रुवारीपासून नवं माप यंत्रांत गेलं. मार्चमध्ये तहसीनचा फोन आला. एरवी मोजून बोलणारी ती त्या दिवशी भरभरून बोलत होती. आण्णा, महिन्यात तीनच घाव दारातून गेले, आणि तिन्हींत न लढणारं एकही माणूस मेलं नाही. आण्णांनी ते बायकोला सांगितलं. त्या दिवशी घरात लापशी झाली. बाजार मोडला म्हणून आवारात त्यांचा तोलारीचा परवाना काढून घेतला होता, त्याचंही त्यांना त्या दिवशी काही वाटलं नाही. एप्रिलमध्ये शून्य. मेमध्ये शून्य. मग तिचे फोन यायचे थांबले. आण्णांनी तर्क केला, कामात असेल.

भाद्रपदाच्या मध्यावर दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात कळत नकळत ज्यांना दुखावलं त्यांच्याकडं हात जोडून क्षमा मागतो. आण्णा सकाळपासून गावात फिरले. ज्या शेतकऱ्यांची नावं आठवली त्यांच्या घरी गेले, उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, तुमच्या पोत्यामागं किलो सोडला, क्षमा करा. लोक हसले, काहींनी पाया पडून घेतलं नाही. इस्माईलच्या घरीही जाऊन आले. दुपारी परत येऊन त्यांनी तहसीनला फोन लावला. चार हजार दोनशे अकरा जणांची क्षमा कुणाकडं मागायची, ते त्यांना तिला विचारायचं होतं.

तिनं उचलला आणि बराच वेळ नुसतं हूं हूं करत राहिली. आण्णांना राहवलं नाही, काय झालंय ते सांग म्हणाले. तेव्हा तिनं सांगितलं. ज्या दोन देशांची लढाई होती त्या दोघांनीही जूनमध्ये करार सोडला. कारण लेखी दिलं, की या भागाचं प्रमाण वैयक्तिक दुःखानं बिघडलं असून ते आता समंजस राहिलेलं नाही. एकमेकांशी कशातच पटत नसलेल्या दोन देशांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या. गोदामातल्या तोफा बाहेर आल्या. कायदा अजून आहे, न लढणाऱ्याला जपा हा नियम त्यांच्यावर अजूनही आहे, पण तोफेच्या तोंडाशी विचारणारं दार नाही. मी तुम्हाला कळवणार होते, ती म्हणाली, पण धीर होईना.

आण्णा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. मग माझ्या आधीच्या मापानं कमी मेले असते का, असं त्यांनी विचारलं. तहसीन म्हणाली, असते कदाचित. खोटं कशाला बोलू? 

"जूनपासून किती?"

"अंदाजे सहा हजार, आण्णा."

त्रिशलाबाई आतून येऊन शेजारी उभ्या राहिल्या होत्या. समोर रस्त्यानं हळदीची रिकामी गाडी गेली, ती जाईपर्यंत आण्णा थांबले.

"अंदाजे म्हणजे किती सोडले, पोरी?"

 तहसीन म्हणाली, दाराबाहेर मोजायला कुणी ठेवलेलं नाही.